इस्त्रीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

४ फेब्रुवारी

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, "ऑफिसातलं जे काही जेवताना मला सांगता, ते आधी यात लिहा. उरलं तर मला सांगा." चार घास निवांत खाता यावेत म्हणून एका बाईने नवऱ्याला लेखक केलं. असो.

आजची बातमी अशी, की धाकटीने माझ्याविरुद्ध यंत्र आणलं आहे.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. आम्हा दोघांची कंपनी आहे. चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर तीन खोल्या, आम्ही दोघं आणि हाताखाली चार माणसं. नाट्यगृहांसाठी तिकीटविक्रीचं सॉफ्टवेअर करतो. कुठली खुर्ची विकली गेली, कुठली रिकामी आहे, ते त्यात दिसतं. कोड आम्ही दोघंही लिहितो, आणि कंपनी काढल्यापासून आमचं एकाच गोष्टीवरून भांडण आहे. महिरपी कंस. प्रोग्राममधला कामाचा प्रत्येक तुकडा महिरपी कंसात ठेवावा लागतो. मी तो कंस नव्या ओळीवर उघडतो, पाहुण्यासाठी दार उघडावं तसा. धाकटी तो मागच्या ओळीच्या शेपटीला चिकटवते. कॉम्प्युटरला दोन्ही सारखंच, पण त्याचं काय घेऊन बसलात, त्याला सगळंच चालतं. तिची फाइल हाती आली की मी कंस खाली आणतो, माझी तिच्या हाती गेली की ती वर नेते. वडील गेले त्या आठवड्यातसुद्धा आम्ही यावर भांडलो होतो. दुसरं काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं.

आज मीटिंगमध्ये ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांचा कोड एक टूल आपोआप मांडेल. फाइल सेव्ह केली की जागा, ओळी, कंस, सगळं ठरल्याप्रमाणे. हाताने कुणी काही मांडायचं नाही."

"आणि कंस?" मी विचारलं.

"मागच्याच ओळीवर."

"म्हणजे तुझ्यासारखा."

"टूलसारखा. ते मी ठरवलं नाही, तूही ठरवायचं नाहीस."

बाकीचे टेबलावरच्या लाकडी रेघा बघत होते. मी तिथल्या तिथे त्या टूलला 'इस्त्री' म्हटलं. वाटलं, हसतील आणि विषय मिटेल. हसले, आणि नाव चिकटलं. शत्रूला लाडाचं नाव मीच देऊन बसलो.

६ फेब्रुवारी

धाकटी म्हणाली, "दादा, लोकांना इस्त्रीबद्दल जे प्रश्न पडतील त्यांचं एक पान हवंय, उत्तरांसकट. प्रश्न तू काढ. तुझ्याइतक्या शंका इथे कुणालाच येत नाहीत."

मी फुशारलो, हे कबूल करतो. ती उत्तरं सांगत गेली आणि मी टाइप करत गेलो. ती आपली मोठ्या वकिलासारखी खिडकीपाशी उभी, हात पाठीमागे बांधून. मी म्हटलं, "बस की, तूच टाइप कर." म्हणाली, "तुझा वेग चांगला आहे." आता हे मला कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

प्रश्न: इस्त्रीने प्रोग्रामच्या कामात बिघाड होतो का?
उत्तर: नाही. अर्थ तोच राहतो, फक्त मांडणी बदलते.

प्रश्न: माझी मांडणी जास्त सुंदर असेल तर?
उत्तर: असेल. तरीही इस्त्री फिरेल.

प्रश्न: सेटिंग आपल्या आवडीप्रमाणे बदलता येतं का?
उत्तर: एखाददुसरं. मुद्दाम कमी ठेवली आहेत, म्हणजे त्यावरून वाद होत नाहीत.

प्रश्न: मग माणसांनी एकमेकांशी बोलायचं कशावर?

हा शेवटचा प्रश्न तिने काढून टाकायला लावला. मी विनोद म्हणून घातला होता.

१० फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. अवलक्षण माझं नाही, धाकटीचं.

इस्त्री अजून सगळ्यांच्या मशीनवर बसायची आहे. त्याआधी तिच्या मशीनवरची एक कच्ची फाइल आज माझ्या नजरेला पडली. काय तो अवतार. ओळ मोडायची तिथे मोडलेली नाही, दोन शब्दांत जागा नाही, एका अक्षराच्या जागी तीन-तीन. सगळं एका लांबलचक ओळीत, गर्दीतून ढकलत नेल्यासारखं. नीटनेटकेपणावर आम्हाला भाषण देणारी बाई ही. दुसऱ्याच्या घरी केरसुणी पाठवायची आणि आपल्या पलंगाखाली कचरा.

मी ती फाइल शंकासुराला दाखवली. शंकासुर म्हणजे आमच्याकडे तपासणीचं काम करणारी मुलगी. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'एक शंका होती' अशी करते म्हणून मी ठेवलेलं नाव. मला वाटलं, ती हसेल. तिने फाइल बंद केली आणि म्हणाली, "सर, एक शंका होती. सेव्ह केल्यावर हे नीट होणारच आहे ना? मग आधीचं कशाला बघायचं?"

मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. ती आपल्या जागेवर निघून गेली. आजकालच्या लोकांना तत्त्वाचं वावडं आहे.

१३ फेब्रुवारी

मोठ्या नाट्यगृहात नवीन सोय दाखवायला गेलो होतो. एरवी धाकटी मला कीबोर्डला हात लावू देत नाही, मी भलतीकडे क्लिक करतो म्हणते. आज स्वतःहून म्हणाली, "तू चालव, मी बोलते." शेवटी अनुभवाची किंमत कळतेच माणसाला. दोनदा भलतीकडे क्लिक झालं, पण तिने सांभाळून घेतलं.

तिथल्या मॅनेजरने चहा मागवला. धाकटीने आधी अर्धा परत ओतला आणि मग डाव्या हाताने कप उचलला. मी विचारलं, "कमी केलास का चहा?" म्हणाली, "हो." चांगलं आहे. मीही कमी करावा म्हणतो.

१७ फेब्रुवारी

आज सगळ्या जुन्या कोडवरून इस्त्री फिरली. चहा होईपर्यंत काम संपलंसुद्धा. इतक्या वर्षांचे माझे कंस, एकेक नव्या ओळीवर नेऊन बसवलेले, उचलून शेपटीला लावले.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी मूग गिळून बसलो असतो. पण मोठ्या नाट्यगृहाच्या नकाशाची फाइल उघडली. त्या फाइलमध्ये मी अख्खं प्रेक्षागृह अंकांनी मांडलेलं आहे. एक रांग म्हणजे एक ओळ, मधल्या वाटेच्या जागी मोकळी जागा, मागे बाल्कनी किंचित वळलेली. जरा लांबून बघितलं तर छताला लटकून नाट्यगृह बघतोय असं वाटतं. माझ्या आयुष्यात कशाला कलाकृती म्हणावं तर ती ही. इस्त्रीने प्रत्येक खुर्ची वेगळ्या ओळीवर नेली होती. सगळं प्रेक्षागृह एकामागे एक उभं, आग लागली म्हणून बाहेर काढल्यासारखं.

त्यावर आणखी एक. कुठली ओळ कुणी लिहिली ते आमच्याकडे ओळीशेजारी दिसतं. इस्त्री धाकटीच्या नावाने फिरली, म्हणून आता प्रत्येक ओळीशेजारी तिचं नाव. माझा सगळा जन्म तिच्या नावावर.

मी तिच्या खोलीत गेलो. दार लावायचं भान राहिलं नाही. बरंच बोललो. शेवटी म्हणालो, "तुझ्या हाताला वळण राहिलेलं नाही, म्हणून सगळ्यांचे हात बांधायचे, असं आहे हे."

मला वाटलं होतं, ती दुप्पट सुनावेल. तिने फक्त स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या आणि म्हणाली, "झालं बोलून? मग मला काम आहे."

बाहेर आलो तर शंकासुर उभी. "सर, नकाशाची चूक माझी. त्या तुकड्यावर 'याला हात लावू नको' अशी एक ओळ लिहिली की इस्त्री तेवढं सोडून देते. ताईंनी मला आधीच सांगितलं होतं, सरांचा नकाशा सोडायचा म्हणून. मी विसरले. आत्ता पूर्ववत करते. आणि ओळींवरची नावंही. आजची एक फेरी हिशेबात धरू नको असं सांगता येतं, मग जुनी नावं दिसतात. तेही ताईंनीच सांगून ठेवलंय."

संध्याकाळपर्यंत नकाशा जागेवर आला, नावं जागेवर आली. मी तिच्या खोलीत परत जायला हवं होतं. गेलो नाही. इतकं बोलून झाल्यावर लगेच माघार घेणं बरं दिसलं नसतं.

१८ फेब्रुवारी

बोलणं बंद. मी माझ्या मशीनवरची इस्त्री बंद केली.

२१ फेब्रुवारी

काल जे झालं ते काल लिहवलं नाही.

दुपारी एका नाट्यगृहाच्या मॅनेजरचा फोन आला. एकच खुर्ची दोघांना विकली गेली होती. "दोघंही तिथेच आहेत," तो म्हणाला. "म्हणजे एक बसलाय आणि दुसरा त्याच्याकडे बघतोय. अजून किती जणांचं असं झालंय मला माहीत नाही. प्रयोग सुरू व्हायचाय."

चूक मला लगेच सापडली. एका ओळीचं काम. मी ओळ सुधारली, पाठवली, परत आली. मांडणी ठरल्याप्रमाणे नाही, असा सर्व्हरचा आपोआप शेरा. माझी इस्त्री बंद होती ना. पुन्हा पाठवली, पुन्हा परत. मॅनेजर फोनवर श्वास घेताना ऐकू येत होता. इस्त्री पुन्हा चालू करायला एक बटण दाबायचं होतं. पण बटण दाबलं असतं तर मी हरलो असतो. नाट्यगृहात दोन माणसं एका खुर्चीवरून अडली होती आणि इकडे मी कंसाच्या इभ्रतीसाठी लढत होतो. आडमुठा हा शब्द कमी पडेल.

शेवटी म्हटलं, धाकटीच्या मशीनवरून पाठवू. तिच्या दारात गेलो. माझं फोनवरचं बोलणं तिला ऐकू गेलं असावं, ती तीच चूक सुधारत होती. मी आलेलं तिला कळलं नाही.

तिचा उजवा हात कीबोर्डवर होता आणि डाव्या हाताने तिने उजवं मनगट दाबून धरलं होतं, उतू जाणाऱ्या भांड्यावरचं झाकण धरावं तसं. तरी बोटं उडत होती. एक अक्षर हवं तिथे तीन पडायची. ती दोन पुसायची आणि पुढे जायची. जागा सोडत नव्हती, ओळ मोडत नव्हती, तेवढे जास्तीचे फटके हाताला परवडत नव्हते. मग तिने सेव्ह केलं. इस्त्री फिरली. शब्द सुटे झाले, ओळी खाली उतरल्या, कंस जागेवर बसले, आणि पडद्यावर असा कोड उभा राहिला की तो कुणीही लिहिला असता.

"गेलं," ती मागे न बघता म्हणाली. तिला वाटलं, शंकासुर आहे. "दादाला सांग, मॅनेजरला पुन्हा लोड करायला सांगायचं."

"सांगतो," मी म्हणालो.

ती वळली. हात मांडीवर घेतले, मग परत टेबलावर ठेवले. लपवून आता उपयोग नव्हता.

मी मॅनेजरला फोन केला. मग आत जाऊन दार लावलं.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीपासून. आधी करंगळी, मग बाकीची."

"काय म्हणतात डॉक्टर?"

"कंपवात. औषध चालू आहे. बरा होत नाही, हळूहळू वाढतो. काम सोडू नका म्हणाले."

"मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगायला आले होते तुझ्या खोलीत. दोन्ही वेळेला तू माझी फाइल उघडून बसला होतास आणि मी आत यायच्या आधीच कंसावर सुरू झालास." ती जरा हसली. "आणि दादा, तू मला घरी बसवलं असतंस."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण खरं सांगायचं तर तिला घरी कसं बसवायचं याची अर्धी योजना तोवर माझ्या डोक्यात तयार झाली होती. तोंड मिटलं.

"आणि ही इस्त्री?"

"माझी फाइल उघडून कुणाला कळू नये," ती म्हणाली, "आज माझा हात कसा होता ते."

सतरा तारखेला मी तिला काय म्हणालो होतो ते दोघांनाही आठवत होतं. मी म्हणालो, "त्या दिवशी..." ती म्हणाली, "राहू दे." मी म्हणालो, "नाही, चुकलं माझं." ती म्हणाली, "चुकलं. चल, चहा मागव. अर्धा."

घरी आलो. हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो. दवाखान्यात मीच जाते तिच्याबरोबर."

"एका शब्दाने बोलली नाहीस."

"तिने नको म्हटलं होतं," ही म्हणाली. मग ताट पुढे सरकवत म्हणाली, "आणि तुम्ही बोलत होतात ना."

शंकासुरालाही माहीत होतं. खालच्या चपलांच्या दुकानदारालाही माहीत होतं, जिन्यावरून बॅग तोच वर आणून द्यायचा. माहीत नव्हतं ते फक्त तिच्या समोरच्या खोलीत बसणाऱ्या माणसाला.

२५ फेब्रुवारी

मोठ्या बटणांचा कीबोर्ड आणला. तिने बघितला आणि शंकासुराला देऊन टाकला. जिन्यात तिची बॅग घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "तुम्ही राहू द्या, तुम्हाला दम लागतो."

मी तिला सांगितलं, "कंसाबद्दल यापुढे माझं काही म्हणणं नाही. तू म्हणशील तसं."

ती म्हणाली, "कंपवात मला झालाय, तू कशाला वाकतोस?"

२८ फेब्रुवारी

आज तिने मला झापलं. दार उघडं ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

घाईची वेळ सोडली तर आमच्याकडे एकाचा कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. गेला आठवडाभर मी तिचं सगळं पास करत होतो आणि वर 'उत्तम' असा शेरा मारत होतो. काल तिच्या एका तुकड्यात चूक होती, सवलतीची तिकिटं मोजण्यातली. मला दिसली. मी पास केलं, आणि मागाहून गुपचूप दुरुस्त करून टाकलं. ते तिला सापडलं.

"चूक तुला दिसली होती का?"

"दिसली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, उगाच कशाला..."

"दादा, माझा हात थरथरतो. डोकं नाही. या ऑफिसात माझी चूक दाखवायला तूच एक होतास. तूही गेलास तर मी इथे काय करायचं?"

मी खाली मान घालून ऐकलं. मग जागेवर गेलो, तिचा आजचा कोड उघडला आणि सगळ्यांसमोर परत पाठवला. तीन हरकती, त्यातली एक ओढूनताणून. तासाभराने उत्तर आलं. दोन मान्य. तिसरीपुढे लिहिलं होतं: 'ही तू मुद्दाम काढलीस, पण ठीक आहे.'

५ मार्च

मोठ्या नाट्यगृहाला चाकांच्या खुर्चीसाठी जागा करायची आहे, आणि तिला लागून एक साधी खुर्ची राखून ठेवायची, बरोबर आलेल्यासाठी. कोडमध्ये त्या साध्या खुर्चीला नाव हवं. मी 'मदतनीस' ठेवलं. धाकटीने परत पाठवलं. शेरा: 'नाव चुकीचं.'

मी गेलो विचारायला.

"शेजारी बसणारा माणूस नाटक बघायला आलाय," ती म्हणाली. "मदत करायला नाही."

"पण लागली तर करेलच ना?"

"करेल. खुर्ची त्यासाठी नाही."

"मग काय ठेवायचं?"

"सोबत."

"सोबत हे खुर्चीचं नाव आहे का? भाववाचक नाम आहे ते. त्यावर बसता येत नाही."

"मदतनिसावर बसता येतं?"

जेवण राहून गेलं. आवाज इतके चढले की दुकानदार वर येऊन बघून गेला. शंकासुराने दारातून विचारलं, "एक शंका होती. इस्त्री नावं ठरवून देत नाही का?"

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

प्रश्नांच्या पानात भर घालावी लागली. आज तिने मला बाजूला केलं आणि स्वतः टाइप केलं. मी शेजारी बसून होतो. घाई केली नाही, मदतही केली नाही. हात मात्र शिवशिवत होते.

प्रश्न: इस्त्री नावं ठरवते का?
उत्तर: नाही. ते माणसांनी भांडून ठरवायचं.

६ मार्च

आज दवाखान्यात तिच्याबरोबर मी गेलो. हिने सकाळी नुसतं सांगितलं, "आज तुम्ही जा." धाकटी नको म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाली, "ये, पण आत बोलायचं नाही."

वाट बघायच्या खोलीत आम्ही मदतनीस आणि सोबत यावरच होतो. समोरच्या आजोबांनी मला पाठिंबा दिला, त्यांच्या बायकोने तिला. मग आत बोलावलं.

डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली. मग कोरा कागद दिला आणि म्हणाले, "एक वाक्य लिहा. कुठलंही, मनात येईल ते."

तिने पेन धरलं. खूप वेळ लागला. मी भिंतीवरचं मेंदूचं चित्र वाचून काढलं, उलटसुलट दोनदा.

डॉक्टरांनी कागद उचलून दिव्याखाली धरला. ते अक्षर बघत होते. सुरुवातीला ठीक, मग पुढे पुढे बारीक होत गेलेलं, शेवटचे शब्द तर मुंग्यांच्या रांगेसारखे. मी मान लांब करून मजकूर वाचला. 'खुर्चीचं नाव सोबत हेच बरोबर आहे.'

"हे काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमचा वाद चालू आहे," ती म्हणाली.

मला बोलायचं नव्हतं. पण राहवलं नाही. "डॉक्टर, यातल्या मजकुराला माझा विरोध आहे."

"तो इथे नोंदवत नाहीत," डॉक्टर म्हणाले, आणि तिला म्हणाले, "गेल्या वेळेपेक्षा थोडं बारीक झालंय. पण वाचता येतंय."

"वाचता येतंय ना?" तिने मला विचारलं.

"येतंय," मी म्हणालो. "पटत नाही, ती गोष्ट वेगळी."

गाडीतही मी हार मानली नाही. तिला घरी सोडलं तेव्हा ती अजून मुद्दे काढत होती, एक पाय बाहेर, दार उघडं. तिचं बरोबर आहे, हे मला कालच कळलं होतं. नाव उद्या सकाळी बदलेन. आज बदललं तर तिला वाटेल, दया केली.